दिल्लीतील मराठी बिऱ्हाडे

बिऱ्हाड आणि घर हे दोन शब्द मराठीत समानार्थी नाहीत. बिऱ्हाड पाठीवर टाकून हिंडता येते. घराला पाया लागतो. दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांनी या दोहोंमधले अंतर कसे तोडले, याचा विचार आज करावयाचा आहे.

मराठ्यांना दिल्ली अपरिचित नव्हती. १७३७ साली बाजीरावांची फौज तालकटोऱ्यापर्यंत येऊन गेली, आणि पुढे महादजी शिंद्यांनी तर बादशाहीचा कारभारच हाती घेतला. परंतु ते येणे तलवारीचे होते. पोळपाट-लाटणे घेऊन येणे निराळे. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली, १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले, आणि सरकारी कचेऱ्यांच्या मागोमाग सर्व प्रांतांतून कारकून, हिशेबनीस व अधिकारी येथे येऊ लागले. त्यांत मराठी माणसेही होती. सरकारी निवासस्थान मिळे ते नोकरीपुरते. निवृत्तीबरोबर किल्ली परत करावयाची. त्यामुळे तीस तीस वर्षे दिल्लीत काढूनही ‘पेन्शन झाली की पुण्याला’ हाच घोष घरात चाले. जे अंगण आपले नाही त्यात आंब्याची कोय तरी कशाला पुरा, अशी मनाची घडण होऊन जाई.

शेजार मात्र अगदी वेगळा होता. फाळणीनंतर करोलबाग, राजेंद्रनगर, लाजपतनगर या भागांत पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे वसली. त्यांना परतीचे गावच उरले नव्हते, म्हणून त्यांनी मिळेल त्या जागेत मूळ धरले. मराठी बिऱ्हाडकरूची परतीची वाट मोकळी होती. आणि मला वाटते, नेमकी तीच पुष्कळदा त्याच्या रुजण्याच्या आड आली.

या शेजारात पहिली गंमत होई ती नात्यांच्या शब्दांची. पंजाबीत ‘काका’ म्हणजे लहानगा मुलगा. पन्नाशी ओलांडलेल्या, जाड भिंगांचा चश्मा लावलेल्या गृहस्थांना मराठी मुले ‘काका’ म्हणून हाक मारीत, तेव्हा शेजारणीला हसू आवरत नसे. हिंदीत ‘ताई’ ही वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. मग दहा वर्षांच्या परकऱ्या मुलीला तिचा धाकटा भाऊ ताई म्हणतो, हे कोडे त्यांना कसे उलगडावे? उलट बाजूने, ‘शिक्षा मंत्रालय’ ही पाटी वाचून नवा आलेला मराठी माणूस आजही क्षणभर दचकतोच.

याहून खोल फरक पंचांगाचा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे जमते. वद्य पक्ष लागला की महिन्याचे नाव बदलते. कृष्णजन्म एकाच रात्री साजरा होतो, पण आपल्या लेखी तो श्रावण वद्य अष्टमीला आणि शेजाऱ्याच्या लेखी भाद्रपदात. श्रावण तर दिल्लीत पंधरा दिवस आधीच सुरू होतो: २०२५ साली तो तेथे ११ जुलैला लागला, महाराष्ट्रात २५ जुलैला. मग सोमवार धरावे कोणते? वटसावित्रीचेही तसेच. उत्तरेतील स्त्रिया ज्येष्ठी अमावास्येला वड पूजतात, आपल्याकडे पौर्णिमेला. तेव्हा मराठी सुवासिनी वडाशी पोहोचते, तोवर आधीच्या पूजेचे सूत खोडावर जुने झालेले असते. कोणी दोन्ही सोमवार धरले, कोणी शेजारणीबरोबर करवा चौथ आरंभिली. लोहडीच्या रात्री रेवड्या आणि दुसऱ्या दिवशी तिळगूळ, ही जोडी तर आपोआपच जुळली. तीळ आणि गूळ दोहोंकडे तेच. यात काही गमावले असे मला वाटत नाही. १९७६ पासून वसत गेलेल्या नोएडात किंवा गुरुग्रामात स्वतःची सदनिका घेणाऱ्या पिढीने ‘पुण्याला जाऊ’ हे वाक्य सोडले, तेही बरेच झाले.

काळजी आहे ती वाचण्याची. दिल्लीत साहित्य संमेलन १९५४ साली लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली भरले, त्यानंतर २०२५ साली तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली, तेही तालकटोऱ्यालाच. मंडप उभे राहतात. प्रश्न मंडपाबाहेरच्या नातवाचा आहे. तो मराठी समजतो, मोडके बोलतो, वाचीत नाही. दक्षिण आफ्रिकेतून न्यूझीलंडला जाऊन राहिलेल्या आफ्रिकान्सभाषक कुटुंबांपुढेही हाच पेच आहे. सतराव्या शतकात केपला आलेल्या डचांची बोली गुलाम व स्थानिक लोकांच्या सहवासात पालटत गेली, तिचीच ही भाषा झाली आणि १९२५ साली तिला राजमान्यता मिळाली. स्थलांतरातूनच जन्मलेली भाषा ती. तिची लिपी इंग्रजीचीच, परंतु ‘जी’ या अक्षराचा उच्चार घशातून, ‘ख’सारखा. इंग्रजी शाळेत शिकलेले मूल तेथेच अडखळते.

आपल्या मुलांचा अडसर ‘ळ’ आहे. शालेय हिंदीत तो नाही. म्हणून ‘काळा’चे ‘काला’ होते आणि ‘केळी’ची ‘केली’. मौज अशी की दिल्लीभोवतीच्या हरियाणवी खेड्यांत आणि पंजाबी बोलण्यात हा ध्वनी आहे. केवळ हिंदीच्या पुस्तकात त्याला जागा नाही. बाकी सारी बाराखडी मुलाला शाळेने आयतीच शिकविलेली असते. तंजावरच्या मराठी घरांतील मुलांना तमिळ लिपीमुळे ही सवलत मिळाली नाही. येथे एक अक्षर आणि रोजची पंधरा मिनिटे एवढेच लागते, आणि साधन भिंतीवरच टांगलेले असते. ‘कालनिर्णय’चे पान उलटून मागचा मजकूर आजीला मोठ्याने वाचून दाखविण्यास मुलाला सांगावे. ‘वेळ’ हा शब्द त्यात पहिल्या चार ओळींतच भेटेल.