त्रिंदाद यांचा इतिहास मराठीत यायला हवा

जुन्या गोव्यात बॉम जेझूसच्या बॅसिलिकेत गर्दी असते. रस्ता ओलांडला की सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च लागते. त्याला लागून असलेल्या मठात आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. एके काळी हा मठ फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाच्या संन्याशांचे मुख्य ठाणे होता. या संघाच्या आशियातील कार्याचा पहिला मोठा इतिहासकार म्हणजे फ्राय पाउलो द त्रिंदाद.

त्यांचा जन्म १५७०च्या सुमारास मकावमध्ये झाला. गोव्यात ते संन्यासी झाले आणि त्यांनी दीर्घकाळ ईशशास्त्र शिकवले. ते इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचे पदाधिकारीही होते. त्यांचे लेखन वाचताना हे विसरून चालत नाही. १६३० ते १६३६ या काळात त्यांनी ‘कोंकिस्ता एस्पिरितुआल दो ओरिएंते’ (पूर्वेचा आध्यात्मिक विजय) हा ग्रंथ पोर्तुगीजमध्ये लिहिला.

हा ग्रंथ तंट्यातून जन्मला. फ्रान्सिस्कन १५०० मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालच्या आरमाराबरोबर भारतात आले, जेझुइट हा दुसरा ख्रिस्ती संघ १५४२ मध्ये. पण युरोपात गाजले ते जेझुइट, कारण त्यांची पत्रे छापली जात होती. फ्रान्सिस्कन आळशी आहेत, स्थानिक भाषा शिकत नाहीत, असे आरोप होत. त्रिंदाद यांनी लेखणी उचलली ती आपल्या संघाची बाजू मांडायला. आपल्या बखरींसारखाच हा पक्षाचा इतिहास आहे आणि तसाच तो पारखून वाचावा लागतो. देवळे पाडल्याचा त्यांना अभिमान वाटतो. त्यामुळे काय, कुठे आणि कोणाच्या हुकमाने घडले, याची साक्ष ते घडवणाऱ्यांच्याच बाजूने मिळते.

दुसरा तंटा मठाच्या आतला होता. पोर्तुगालमध्ये जन्मलेले संन्यासी इथे जन्मलेल्या गोऱ्यांना कमी लेखत. भारतीय दायांचे दूध प्यायल्याने त्यांचे रक्त बिघडले, इथपर्यंत बोलले जाई. त्रिंदाद स्वतः आशियात जन्मलेले, म्हणजे या कमी लेखलेल्यांपैकीच. आपल्या पालघरमधील तारापूरला जन्मलेले मिगेल द पुरिफिकासांव हेही त्याच संघाचे. त्यांनी थेट युरोप गाठून १६४० मध्ये बार्सिलोनात या ‘भारतपुत्रां’च्या बचावाचे पुस्तक छापून घेतले. मात्र गोव्या-वसईच्या स्थानिक ख्रिस्ती माणसाला संघात बरोबरीची जागा द्यावी, ही मागणी त्यात नव्हती. मला या सगळ्या वादातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

त्रिंदाद १६५१ मध्ये वारले. त्यांचे हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात तीनशे वर्षे पडून राहिले. फेलिश लोपिश या फ्रान्सिस्कन अभ्यासकाने ते १९६०च्या दशकात लिस्बनमधून तीन खंडांत प्रसिद्ध केले. त्यातली सिलोनविषयीची (आजच्या श्रीलंकेविषयीची) प्रकरणे इंग्रजीत आली. पण ग्रंथाचा संबंध आपल्या भागाशीही आहे. गोव्यातला बारदेश फ्रान्सिस्कनांकडे होता. वसईत त्यांचा मठ होता आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याचे चर्च त्यांनीच केले. म्हणजे हा आपल्याच गावांचा इतिहास आहे. मराठी विद्यापीठांनी आणि वसई-गोव्याच्या अभ्यासकांनी निदान या गावांविषयीची प्रकरणे टिपांसह मराठीत आणावीत.