भांदकचं बेट

बेट बघायला समुद्रच गाठावा लागतो असं नाही. माजरीहून कोळशाच्या टिप्परांमागून सावकाश गाडी काढली की आम्ही भद्रावतीच्या, म्हणजे जुन्या भांदकच्या, डोलारा तलावावर पोचतो. तलावातल्या बेटाला जोडणारा प्राचीन पूल मला फार प्रिय. दगडी खांबांच्या दोन रांगा, वर आडव्या शिळा. 1870च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याची नोंद केली. हात लावून बघा, उन्हाने दगड तापलेला असतो.

गावातल्या भद्रनागाच्या देवळात दर्शन घेऊन दुपारी विजासन टेकडी. तिथलं लेणं बोगद्यासारखं सरळ आत जातं, बाजूंनाही फाटे आहेत. मोबाइलचा टॉर्च लावू नका. डोळे अंधाराला सरावले, की टोकाला बसलेले बुद्ध हळूहळू दिसू लागतात.