बुरशीनाशक मारूनही कांद्याच्या पातीवरचे डाग का थांबत नाहीत? विषाणू पेशीलाच असा लावतो कामाला

देवळा : उन्हाळ कांद्याच्या पातीवर डाग दिसले की 'करपा आला' म्हणून बुरशीनाशकाची फवारणी होते. करपा बुरशीमुळे येतो. पण पातीवर डाग विषाणूमुळेही पडतात आणि तेव्हा बुरशीनाशकाचा खर्च वाया जातो. देवळा, कळवण, सटाणा या कांदा पट्ट्यातील शेतकऱ्यांनी हा फरक ओळखणे गरजेचे आहे.

कोणता विषाणू?
आयरिस यलो स्पॉट व्हायरस. भारतातील कांद्यावर तो आढळल्याची नोंद २००६ मध्ये महाराष्ट्रातूनच झाली. पातीवर वाळल्या गवताच्या रंगाचे, दोन्ही टोकांना निमुळते डाग पडतात. बियाण्याच्या कांद्यात फुलाचा दांडा डागापाशी मोडतो.

पेशीत कसा शिरतो?
वनस्पतीच्या पेशीची जाड भिंत विषाणूला फोडता येत नाही. थ्रिप्स म्हणजे फुलकिडे पात खरवडून रस शोषतात. तेव्हा त्यांच्या लाळेतून तो आत जातो.

आत गेल्यावर काय करतो?
प्रथिने बनवणारे यंत्र, म्हणजे रायबोसोम, विषाणूकडे नसते. ते पेशीकडे असते. पेशीच्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एक रासायनिक 'टोपी' असते. ती ओळख पटली की रायबोसोम संदेश वाचतो. हा विषाणू पेशीच्या आरएनएची टोपी तुकड्यासह तोडतो आणि स्वतःच्या संदेशाला लावतो. पेशी फसते आणि विषाणूची प्रथिने बनवू लागते. माणसातील फ्लूचा विषाणूही हीच युक्ती वापरतो.

पेशी परक्या आरएनएचे तुकडे करून बचाव करते. विषाणूचे एक प्रथिन हा बचाव दाबते. दुसरे प्रथिन पेशींमधल्या बारीक वाटांत नळ्या तयार करते. त्यातून विषाणू शेजारच्या पेशीत जातो.

औषध का चालत नाही?
बुरशीनाशक बुरशीच्या पेशीवर काम करते. विषाणूला स्वतःची पेशीच नसते, तो कांद्याची यंत्रणा वापरतो. त्यामुळे डाग पडलेली पात पुन्हा बरी होत नाही.

मग उपाय काय?
• रोख थ्रिप्सवर ठेवा. पिल्लू असताना विषाणू शोषलेला किडाच मोठेपणी तो पसरवतो, तोही मरेपर्यंत. म्हणून पातींच्या बेचक्यातील पिल्ले लवकर शोधा.
• विषाणू बियाण्यातून येत नाही, बाधित रोपांतून येतो. रोपवाटिकेतच तपासणी करा.
• राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने लागवडीच्या सुमारे महिनाभर आधी शेताभोवती मक्याच्या दोन ओळी लावण्याची शिफारस केली आहे. या आडोशामुळे थ्रिप्स कमी येतात.
• तुषार सिंचनानेही थ्रिप्स कमी होतात.
• एकच कीटकनाशक वारंवार मारू नका, किडी त्याला दाद देईनाशा होतात.

डाग बुरशीचा की विषाणूचा हे कळत नसेल, तर फवारणीआधी बाधित पात कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.