बॉनेटखालचा वास आणि न्यायशास्त्रातला धूर

तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक मोटारीवर बोलणार म्हटल्यावर काही जण करमणूक होईल म्हणून आलेले दिसतात. (हशा) तीही होईल. पण विषय खरोखर मोटारीचाच आहे. गाडीत जळक्या तेलाचा वास यायला लागला, तर तो कुठून येतो हे शोधायचं कसं आणि दुरुस्ती नेमकी कशाची करायची?

प्रसंग माझ्याच घरचा. नाशिक रोडहून सिन्नरला मेहुणीकडे आमचं महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. शिंदे-पळसे मागं टाकून मोहदरी घाट चढायला लागलं की पत्नी म्हणायची, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हणायचो, "पुढच्या ट्रकचा धूर आहे, काच वर घे." असं दीड महिना चाललं. मला वास येत नाही म्हणजे वास नाहीच, हा माझा हिशेब. वयाबरोबर नाक मंदावतं हे मला ठाऊक होतं, पण ते माझंही नाक असेल असं वाटलं नव्हतं. विश्वासू माणसाचा शब्द हेही ज्ञानाचं साधन आहे, हे शब्दप्रमाण मी वर्गात जन्मभर शिकवलं आणि शेजारच्या सीटवरचा शब्द मात्र उडवून लावला. मग एकदा घरी परतल्यावर गाडी बंद केली, आणि बॉनेटच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर येताना मलाही दिसली.

एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसानं वास घेतला, मान हलवली आणि सांगितलं, "रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल." आकडा ऐकून मी गप्प झालो. एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी विकलेली बरी, असं घरात ठरत आलं होतं. पण मग सिन्नर एसटीनं गाठायचं, आणि हिच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नाही. म्हणजे दोघी बहिणींची भेटच संपली असती.

त्या रात्री मला अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आठवला. सतराव्या शतकातलं हे छोटं पुस्तक. आठल्ये-बोडसांची आवृत्ती १८९७ सालची, आमच्या पिढीनं तीच वाचली. त्यातला डोंगरावरचा धूर सगळ्यांना माहीत असतो. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे अनुमान पक्कं. उलट मात्र चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात.

आता गॅरेजवाल्याचं वाक्य तपासा. पिस्टनच्या रिंगा गेल्या की तेल जळतं, हे खरं. पण तेल जळतंय म्हणून रिंगाच गेल्या, हे कुठून आणलं? तेल जळायच्या दोन जागा आहेत. एक सिलिंडरच्या आत, दुसरी इंजिनाच्या बाहेर. आत जळलं तर धूर सायलेन्सरमधून निघतो, निळसर असतो, आणि पट्टीवरची तेलाची पातळी भराभर उतरते. सकाळी गाडी सुरू करताना धुराचा एकच लोट येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यायचा. जोर दिल्यावर सतत येत असेल तर रिंगांवर. आमच्या सायलेन्सरमधून काहीच येत नव्हतं. पातळी जेमतेम उतरली होती. वास होता तो बॉनेटखाली.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं आधी विचारलं, "तेल कधी बदललं?" हा प्रश्न महत्त्वाचा. भरताना सांडलेलं तेल काही दिवस जळून आपोआप संपतं. फिल्टर नीट बसला नसेल, तर तिथूनही गळतं. आमचं बदलून चार महिने झाले होते. मग त्यानं इंजिन थंड होऊ दिलं, पुसून लख्ख केलं आणि मला फेरी मारून यायला सांगितलं. परत आल्यावर बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर टॅपेट कव्हरच्या कडेनं ताजं तेल पाझरून खाली तापलेल्या एक्झॉस्टवर उतरत होतं. घाटात इंजिनावर जोर पडतो, एक्झॉस्ट जास्त तापतो. म्हणून वास मोहदरीतच. आणि बाहेरची हवा आत घेणारी जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी असते, म्हणून तो थेट हिच्या नाकाशी.

पॅकिंग बदललं की झालं, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "थांबा, सर." ब्रीदरची नळी काढली तर काजळीनं चोंदलेली. इंजिनाच्या पोटातला वायू या वाटेनं निघतो. वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि तेल कमजोर पॅकिंगमधून बाहेर येतं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर तेही पुन्हा पाझरलं असतं. नवं पॅकिंग बसवताना बोल्ट बेताचेच आवळायचे. फार आवळले की पॅकिंग दबून फाटतं. सगळा खर्च रिंगांच्या आकड्याच्या आसपासही नव्हता.

एक-दोन गोष्टी पटकन सांगतो. गोडसर वास कूलंटचा. जळक्या कागदासारखा वास घाटात अर्धा क्लच दाबून चालवल्यावर येतो, तो क्लच प्लेटचा. त्याचा तेलाशी संबंध नाही. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला तर घर जवळ आहे म्हणून पुढं जाऊ नका, इंजिन तिथंच बंद करा. ज्वाळा दिसल्या तर बॉनेट उघडू नका, आत हवा मिळते. सगळे उतरा आणि लांब जा.

दुरुस्तीनंतर पुन्हा घाटात गेलो. माझं नाक साक्षीला निरुपयोगी, म्हणून माथ्यावर गाडी बाजूला घेतली, काचा खाली केल्या आणि हिला विचारलं. तिनं दोनदा श्वास घेतला आणि म्हणाली, "आता खरंच ट्रकचा येतोय."