ओळखा पाहू, मी कोण?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला भेटायला गेलेला पाहुणा खुर्चीत टेकायच्या आत विचारतो, ‘‘ओळखलंत का मला?’’ आजोबा कसनुसं हसून म्हणतात, ‘‘हो हो, ओळखलं की!’’ तेवढ्यावर सुटका होत नाही. घरातलंच कुणीतरी पुढे सरसावतं, ‘‘मग नाव सांगा ना!’’ हेतू वाईट नसतो, पण भेटीची तोंडी परीक्षा होते आणि रोज नापास होणारा माणूस हळूहळू बोलणंच टाकतो.

असे प्रश्न डॉक्टरांना विचारावेच लागतात. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना नाव विचारलं. ‘ऑगस्टे.’ आडनाव? ‘ऑगस्टे.’ नवऱ्याचं नाव? तिथेही ‘ऑगस्टे’च. जेवणात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं; काय खाताय असं विचारल्यावर त्या ‘पालक’ म्हणाल्या. पुढे या आजाराला अल्झायमर यांचंच नाव मिळालं. ही प्रश्नोत्तरं निदानासाठी होती. घरी रोज कसलं निदान करायचं असतं?

या आजारात बहुधा सर्वांत आधी मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग खराब होतो. ताज्या घटना साठवण्याचं काम त्याचं. म्हणून सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण स्वतःच्या लग्नातल्या पंगतीचं वर्णन मात्र तपशीलवार येतं. मग शब्द निसटू लागतात, त्यातही आधी नावं. चष्म्याचं ‘ते डोळ्याचं’ होतं. वाक्याची चाल आणि उच्चार मात्र बराच काळ शाबूत राहतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला दुखणं किती पुढे गेलंय याचा अंदाज येत नाही. लहानपणी घोकून पाठ झालेली रामरक्षा, आरत्या, पाढे तर फार उशिरापर्यंत टिकतात. इथेच घरात ठिणगी पडते. ‘‘आरती अख्खी म्हणता येते, मग सुनेचं नावच बरं आठवत नाही!’’ सुनेला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. पण पाठांतर सरावाने आपोआप ओठांवर येतं, नाव मात्र दर वेळी शोधून काढावं लागतं, आणि शोधण्याचीच ताकद गेलेली असते. मोठेपणी शिकलेली भाषाही अनेकदा मातृभाषेच्या आधी सुटते. मुलांकडे परदेशी स्थायिक झालेले आईवडील उतारवयात इंग्रजी विसरून मराठीतच बोलू लागले, तर तिथल्या परिचारिकेला त्यांचं दुखणं कळायचं कसं, हा प्रश्न उभा राहतो.

संध्याकाळ ही सर्वांत कठीण वेळ. चाळीस वर्षं राहत असलेल्या घरात बाई पिशवी भरून म्हणतात, ‘‘मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल.’’ ‘‘अगं, हेच तुझं घर, आई जाऊन वीस वर्षं झाली,’’ हे खरं असलं तरी निरुपयोगी आहे. त्यांच्यासाठी आई त्या क्षणी नव्याने मरते, आणि उद्या पुन्हा मरते. अमेरिकेतल्या नेओमी फाइल यांनी अशा वेळी वाक्याशी वाद न घालता त्यामागच्या भावनेला उत्तर देण्याची पद्धत मांडली. उपचार म्हणून तिचा शास्त्रीय पुरावा तोकडा आहे. तरी ‘‘आईची आठवण येतेय का? काय करायच्या त्या तुमच्यासाठी?’’ असं विचारलं, तर निदान भांडण तरी टळतं. आणि त्यात खोटं काहीच बोलावं लागत नाही.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना संस्कृतचे गाढे विद्वान चक्रपाणि शास्त्री आठवतील. डॉ. मोहन आगाशे यांनी ते उभे केले. हत्तीच्या मागे भरकटलेल्या या विद्वानाला हत्तीवाल्याची बायको लेकरासारखं सांभाळते. ती त्यांची परीक्षा घेत नाही.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. आधी कान तपासून घ्या. पुष्कळदा मळ साठलेला असतो किंवा श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली असते. टीव्ही बंद करून समोर बसा. ‘‘काय घेणार?’’ ऐवजी ‘‘चहा घेता की दूध?’’ असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. मध्येच शब्द पुरवायची घाई नको. आरडाओरडा किंवा चिडचिड हेही सांगणंच असतं: दाढ दुखत असेल, पोट साफ झालं नसेल. एक-दोन दिवसांत अचानक बडबड वाढली किंवा गुंगी आली, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नवं औषधही कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ही संख्या झटकून टाकता येणार नाही. यांतल्या बहुतेकांना घरातली एखादी सून, लेक किंवा जोडीदारच सांभाळतो, आणि तोही माणूस थकतो. पुढच्या वेळी अशा घरी जाल तेव्हा स्वतःच सांगा, ‘‘काकू, मी सुधाचा मुलगा, पुण्याहून आलोय.’’ मग तासभर त्यांच्याजवळ बसा आणि सांभाळणाऱ्याला बाहेर फिरून येऊ द्या. सांभाळणाऱ्याला मन मोकळं करायचं असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.