धावणाऱ्यांच्या मांडीतील कळ

जोयडा तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ आहे. काळी नदीवरील धरणाने जुने सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार जोयड्यास आला. उरलेला बराचसा मुलूख रानाचा. बाजारकुणंगसारख्या गावातील माणसाला पायांवर भिस्त ठेवूनच जगावे लागते. या पायांतील बळ सरकारनेही एकदा ओळखले होते. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी मुलामुलींना निवडून धावण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. पुढे १९९३ साली ती योजना गुंडाळण्यात आली. आज या सीमाभागातील तरुणाला पहाटे रस्त्यावर आणते ती प्रामुख्याने सैन्यभरती. १६०० मीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापणाऱ्यास धावण्याचे पूर्ण ६० गुण मिळतात. वयाची मर्यादा जवळ येत असते, भरतीची तारीख जाहीर झालेली असते आणि वर्षभराची तयारी दीड-दोन महिन्यांत उरकण्याचा मोह अनावर होतो. येथेच आमच्या चिंतेचे मूळ आहे.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. त्याच्यावर भार वाढला म्हणजे शरीर त्याची डागडुजी काढते. जुना, शिणलेला भाग आधी कोरून काढला जातो आणि नवा त्यानंतर सावकाश भरला जातो. पावसाळ्याच्या तोंडावर छपराचे जुने वासे उतरवावेत, नवे चढण्यापूर्वीच वारा सुटावा, तशी त्या काही आठवड्यांत हाडाची अवस्था असते. त्याच वेळी धावणे एकाएकी दुप्पट केले, तर हाडाला बारीक चीर पडते. यालाच वैद्यक ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणते. पडणे नाही, आपटणे नाही, तरीही हाड मोडू लागते. प्रशियाचे सैनिकी शल्यवैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली कवायतीने सुजलेल्या सैनिकांच्या पावलांचे वर्णन केले, तेव्हापासून या दुखण्याची नोंद आहे. पाऊल आणि नडगी यांप्रमाणेच मांडीचे हाडही त्याला बळी पडते. मात्र जाड स्नायूंखाली दडल्यामुळे तेथील चीर सहज उमगत नाही.

तिची ओळख कशी पटावी? जांघेत किंवा मांडीच्या पुढील भागात खोलवर, बोट ठेवून नेमकी जागा दाखविता येऊ नये, अशी कळ येते. क्वचित ती गुडघ्यातही जाणवते. प्रारंभी ती धावण्याच्या अखेरीस येते आणि विसाव्याने थांबते. पुढे धावण्याच्या आरंभीच येते, मग चालताना आणि शेवटी रात्री अंथरुणातही. आपल्याकडे अशा वेळी ‘स्नायू आखडला’ असे म्हणून तेल चोळले जाते, वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि पुन्हा धावणे सुरू होते. गोळीने कळ दबते, चीर मात्र रुंदावत जाते. पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्येही ती बहुधा दिसत नाही. ‘फोटोत काही नाही’ हा निर्वाळा म्हणूनच अखेरचा मानू नये. शंका कायम असेल तर एम.आर.आय. तपासणी करावी लागते. त्यासाठी बेळगाव, हुबळी किंवा गोव्यातील बांबोळी गाठावी लागते, हे आम्ही जाणतो. परंतु निदान होईपर्यंत धावणे थांबविण्यास पैसा लागत नाही.

चीर कोठे आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. ती हाडाच्या दांड्यात असेल, किंवा खुब्याजवळील मानेच्या खालच्या बाजूस आणि लहान असेल, तर कुबड्या आणि विश्रांती यांनी ती बहुधा भरून येते. मानेच्या वरच्या बाजूची चीर मात्र धोक्याची. तेथे हाड ताणले जाते आणि बहुतेक वेळा स्क्रू घालून ते बांधावे लागते. ते सरकले तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि विशीतला तरुण जन्माचा लंगडा होऊ शकतो. सहा आठवड्यांची विश्रांती नाकारल्याची ही किंमत आहे.

पुनर्वसनाचा मार्ग सरळ आहे, फक्त धीराचा आहे. प्रथम कुबड्या, चालणे वेदनारहित झाले की पोहणे, सायकल आणि कंबर-मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, मग अर्धा तास सलग चालणे, त्यानंतर चालणे आणि मंद धावणे आलटून पालटून. कळ परतली की एक पायरी मागे यावे. पूर्ण सराव सुरू होण्यास तीन-चार महिने, कधी अधिकही लागतात. आहाराकडेही पाहिले पाहिजे. उपाशीपोटी धावणाऱ्याचे हाड भरत नाही. आपल्या घरची नाचणी कॅल्शियमने समृद्ध आहे, तिला कमी लेखू नये. धावणाऱ्या मुलीची मासिक पाळी थांबली, तर ती संकोचाने दडविण्याची बाब नसून हाडे दुबळी होत असल्याची सूचना असू शकते.

मॅरेथॉनमधील तेव्हाच्या जागतिक विक्रमाच्या मानकरी पॉला रॅडक्लिफ यांच्या डाव्या मांडीच्या हाडात २००८ साली अशीच चीर आढळली. त्याच ऑगस्टमध्ये त्या बीजिंगला धावल्या आणि तेविसाव्या आल्या; नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कची मॅरेथॉन त्यांनी जिंकली. त्यांच्या दिमतीला तज्ज्ञ होते. बाजारकुणंगच्या मुलाला शाळेतील व्यायामशिक्षक आणि आरोग्य केंद्रातील डॉक्टर एवढाच आधार.

म्हणून आमचे सांगणे आहे की, या दोघांना ही लक्षणे शिकविण्याची व्यवस्था आरोग्य खात्याने करावी आणि भरतीपूर्व वर्ग चालविणाऱ्यांनी सरावाची वाढ आठवड्यागणिक थोडी थोडी ठेवावी. दुखते असे सांगणाऱ्या मुलाला भित्रा ठरवू नये. भरती पुन्हा निघते; वयाची अट एखाद्याला खरोखरच मुकवील, हेही खरे. पण मोडलेल्या खुब्याने ना भरती साधते, ना शेती.