वारा होता, तरी वीज गेली

28 सप्टेंबर 2016 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया या अख्ख्या राज्याची वीज गेली, तेव्हा खापर लगेच वाऱ्याच्या लहरीवर फुटले. पण त्या दुपारी वारा सोसाट्याचा होता आणि राज्याची जवळपास निम्मी वीज पवनचक्क्याच देत होत्या. वादळाने पारेषण मनोरे आडवे केले, दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज खाली आले आणि नऊ पवन प्रकल्पांनी सात सेकंदांच्या आत 456 मेगावॉट निर्मिती घटवली. थोड्या वेळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त झटके बसले की हात आखडता घ्यायचा, असा आदेश त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नियंत्रण प्रणालीत होता. ग्रिड सांभाळणाऱ्या संस्थेला त्याची माहितीच नव्हती, म्हणून तिच्या गणिती प्रारूपातही तो नव्हता. कमी पडलेली वीज शेजारच्या व्हिक्टोरियाकडून ओढली गेली, तो भार न पेलून जोडवाहिनी सुटली आणि साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली. फसले ते प्रारूप, असे माझे म्हणणे आहे.

यावर कोळशाचे समर्थक जडत्वाचा मुद्दा काढतात आणि तो खरा आहे. औष्णिक संचाचे अवजड फिरते चाक अचानक थांबत नाही, त्यामुळे ग्रिडची वारंवारिता सावकाश घसरते. राज्यातले शेवटचे कोळसा केंद्र त्याच वर्षी मे महिन्यात बंद झाले होते, आणि वारंवारिता इतक्या वेगाने कोसळली की भार आपोआप तोडणाऱ्या यंत्रणेला उसंत मिळाली नाही. पण जडत्वाने सवड मिळते, गेलेले मेगावॉट परत येत नाहीत. शिवाय ही सवड कोळसा न जाळताही मिळवता येते. 2017च्या अखेरीस राज्यात हॉर्न्सडेलची 100 मेगावॉटची बॅटरी सुरू झाली. पुढे चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले गेले, म्हणजे इंधनाविना ग्रिडवरच फिरणारी अवजड यंत्रे.

दुसरा आक्षेप अचूक प्रारूपाच्या खर्चाचा. प्रकल्पाची वीज ग्रिडला जोडणाऱ्या प्रत्येक इन्व्हर्टरचे बारकाईचे प्रारूप मागितले की प्रकल्प रखडतात, उत्पादकही आपला संगणकी आदेशसंच उघड करायला नाखूश असतात. तक्रार खोटी नाही. तरीही ही गुप्तता ग्रिडला परवडणारी नाही. 2019 मध्ये व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समधल्या पाच सौर प्रकल्पांमुळे व्होल्टेज हेलकावे घेईल असे अभ्यासात दिसले, तेव्हा त्यांची निर्मिती निम्म्यावर आणावी लागली. 2020च्या एप्रिलमध्ये बंधन उठले. त्यासाठी नवी वाहिनी टाकावी लागली नाही. इन्व्हर्टरच्या नियंत्रणाचे आकडे बदलून प्रारूपावर पुन्हा तपासले गेले, एवढेच.